गोलापुढचं पत्र्याचं घर

वेल्ह्यातल्या आमच्या मैदानाला सगळे स्टेडियम म्हणतात. कोनशिलेवर ‘राष्ट्रीय दर्जाचे फुटबॉल स्टेडियम’ असं कोरलंय ना, म्हणून. प्रत्यक्षात एका अंगाला चार पायऱ्या, दोन टोकांना गंजके गोलखांब आणि मधे गवत. आधी ते गायरान होतं, आणि खरं सांगायचं तर गुरांनी ते अजून सोडलेलं नाही.

मी हायस्कुलात खेळाचा मास्तर. या मैदानावर काय काय झालं ते विचारूच नका. लग्नं लागली, प्रचारसभा झाल्या, भात वाळलं. टेम्पो शिकणाऱ्यांनी माझे कोपऱ्यातले झेंडे चिरडले. साथीच्या वर्षी इथंच मांडव घालून लोकांच्या नाकात काड्या घातल्या. दरवेळी मी तहसील कचेरीत जाऊन तणतणायचो, साहेब चहा पाजायचे आणि मी परत यायचो. फुटबॉल तेवढा कधी झाला नव्हता. तो मी शाळेतल्या पोरींना घेऊन सुरू केला.

आमची गोलकीपर वरच्या धनगरवाड्यातली. निसटलेलं कोकरू झेप घालून धरायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळं तिच्या हातून बॉल सुटायचा नाही. जिल्ह्याच्या संघात जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. त्यासाठी पोर रोज डोंगर उतरून यायची आणि सराव झाला की पुन्हा चढून जायची.

मग एका पावसाळ्यात वाड्यामागचा डोंगर तडकला. माणसं वाचली, पण वर राहायला बंदी आली. तात्पुरती सोय म्हणून मैदानाच्या एका टोकाच्या अर्ध्या भागात पत्र्याची घरं उभी राहिली. त्यातलं गोलाच्या अगदी तोंडाशी आलेलं घर नेमकं तिचंच. तिची आई गोलखांबांना दोरी बांधून धुणं वाळत घालायची.

या खेपेला मी कचेरीत गेलो नाही. काय तोंडानं जाणार? पोरीला म्हणालो, अगं, राहू दे आता काही दिवस.

ती म्हणाली, "सर, बॉल आमच्या पत्र्यावर बसला तरी आई काय बोलायची न्हाई. तेवढा सराव बंद करू नका."

मग आम्ही उरलेल्या अर्ध्या मैदानावर खेळलो. बॉल पत्र्यावर आदळायचा, आतलं तान्हं दचकून रडायचं, आणि तिची आई खरंच एका शब्दानं बोलली नाही. अशी दोन वर्षं गेली. शेवटी जिल्ह्याची निवड चाचणी आमच्याच मैदानावर होणार असं कळलं, तेव्हा ही पोर हसत हसत रडली.

आणि नेमकं त्याच महिन्यात मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार म्हणून फर्मान आलं. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला तेव्हा एक खुंटी हलली नव्हती. आता बघता बघता पत्रे उतरले. नवी घरं होईपर्यंत नातेवाइकांकडं राहा, असं त्या लोकांना सांगितलं. हिचं कुटुंब शिवऱ्याला मामाकडं निघालं. सामान भरलेल्या टेम्पोशेजारी तिची आई मला म्हणाली, "गुर्जी, तुमचं मैदान मोकळं झालं बगा."

ती टोमणा मारत नव्हती. तेच मला लागलं.

मैदानात चुन्याचं मोठं वर्तुळ आखलं. ठरल्या दिवशी तोरण्यावरून ढग असे खाली आले की हेलिकॉप्टर उडालंच नाही. मंत्री गाडीनं आले, बाजारात हार घालून घेतले आणि गेले. मैदानाकडं कुणी फिरकलंसुद्धा नाही.

चाचणीला ती आली नाही. निरोप धाडला होता, पण मामाच्या घरी तिचं ऐकणार कोण! पोरींनी आळीपाळीनं गोलात उभं राहून बघितलं. नंतर एकेक करत सगळ्या सरावाला यायच्या बंद झाल्या. मी रागावलोसुद्धा नाही.

दिवाळीनंतर पुण्याला जाताना एसटी शिवऱ्याजवळ हायवेच्या हॉटेलावर थांबली. मोरीपाशी ती कपबश्या विसळत होती. मला बघून हात ओढणीला पुसत पुढं आली. शाळा सुटली, लग्नाचं बोलणं चाललंय, असं तिनंच सांगितलं. मी नुसता मान हलवत होतो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"सर, आता तर सगळं मैदान मोकळं असंल," ती म्हणाली. "सराव जोरात चालला असंल ना?"

"व्हय," मी म्हणालो, आणि गाडीत चढलो.