भिंगावरचे कुंकू

जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून गेल्या श्रावणातील एका रविवारची आठवण लिहितो. सातपुड्यातील आमच्या कुलदेवीच्या स्थानामागे जो धबधबा कोसळतो, त्याचे छायाचित्र घेण्यासाठी मी त्या दिवशी डोंगर चढलो. पिंप्राळ्याच्या घरी पत्नी अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. "ते पाणी एकदा दाखवा," एवढेच तिने मागितले होते.

निघताना नव्या वस्तूची पूजा म्हणून तिने पडल्या पडल्याच कॅमेऱ्याला कुंकू लावले. ते नेमके भिंगावर लागले. मी ते तसेच राहू दिले.

धबधब्याच्या तुषारांनी कुंकू ओघळले. पाणी, मोर, झाडावरची वानरे, सारे रक्तवर्ण उमटू लागले. सोबत आलेला सोनगीरचा पुतण्या वैतागला, "आबा, काच पुसा ना! बठ्ठं लाल दिसी ऱ्हायनं. काकूले हाई दाखाडशात का?"

माझा हात उचलेना. इथे मी तिच्या हातचे कुंकू पुसावे आणि तिकडे तिने डोळे मिटावेत, या भयाने मी खडकावर मटकन बसलो. देवीची करुणा भाकली. पाणी नुसते कोसळत राहिले. धुके उतरू लागले, तेव्हा रडत रडत उपरण्याने भिंग पुसले आणि एकच छायाचित्र घेतले.

सायंकाळी ते तिच्यासमोर धरले. तिने हात जोडले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यात तुम्ही कुठे आहात?"



वाचकहो, जगदंबा तुमच्या घरादाराला आरोग्य देवो आणि तिच्या दर्शनाला जोडीने जाण्याचे बळ देवो.