आठाखालचा तीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला काय म्हणून सांगतोय? चीड येते म्हणून. स्वतःचीच.

मी बंदुकांच्या कारखान्यात रायफलीवर नंबर ठोकायचो. एकेक आकड्याचा पंच धरायचा, वर हातोडा. चुकीचा आकडा ठोकला गेला तर साहेबाला दाखवायचं, असा नियम. पण दाखवणार कोण? आम्ही त्यावरच बरोबर आकडा ठोकायचो, तेल फिरवायचो, माल पुढे. सगळेच करायचे. मीही केलं — आणि निरोपाच्या दिवशी ‘यांच्या हातून एकही चूक नाही’ हे भाषण मान डोलावत ऐकलं! लाज कशी वाटली नाही?

निवृत्तीनंतर नागपुरातल्या एका बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बसू लागलो. ते भाषण येईल त्याला ऐकवायचो. तिथे सावनेरकडचे नामदेवराव आले, सोबत पोलीस. वडिलांनी कोरी घेतलेली रायफल, संत्र्याच्या बागेतली डुकरं हाकायला. परवान्याच्या तपासणीत पोलिसांच्या साहेबांनी नंबरावर भिंग लावलं : आठाखाली तीन दिसतो, म्हणजे नंबर बदललाय, माल चोरीचा. झालं! कारखान्यात चूक होऊ शकते हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. जुन्या माणसाचं मत घ्यायला रायफल माझ्यापुढे ठेवली.

मी पाहिलं. मी डावखुरा, माझा आकडा किंचित कलतो. तो आठ माझा होता. खालचा तीनही माझाच.

नामदेवराव म्हणाले, “दादा, तुमी तिथंच होते ना? सांगा ना यायले, मी काई खोडलं नाई.”

दुकानमालक ऐकत होता. ज्यांना भाषण ऐकवलं, ते दोघं-तिघंही होते. आणि मी — काय बोललो असेन?

“मले नाई सांगता येत गा.”

त्यांना कोठडीत टाकलं. खटला वर्षानुवर्षं रखडला. शेवटी संशयाचा फायदा देऊन सोडलं — म्हणजे संशय राहिलाच. गावात अजून ‘चोरीच्या बंदुकीवाले’ म्हणतात. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. त्या भिंगवाल्यावर मी किती वर्षं दात खाल्ले! त्याला निदान ठाऊक नव्हतं.

नामदेवराव बाजारात भेटले की आधी तेच हात जोडतात. माझ्याबद्दल लोकांना सांगतात, “तो माणूस खरा आहे. मालूम नव्हतं, म्हणून नाई बोलला.”

मला माहीत होतं.