त्याच्या म्हणजे कोणाच्या

रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात तिला सगळे कानामात्रा म्हणत, आणि तिच्या तोंडावर म्हणत. दुसऱ्याने केलेल्या नोंदीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या डोळ्यांत खुपायची. अकरा वर्षं ती त्या बिनखिडकीच्या खोलीत हेडफोन लावून फोन घेत होती. समोरचा माणूस रडत, ओरडत, अर्धवट बोलत असायचा आणि ती त्याचं बोलणं सरळ वाक्यांत टाइप करायची. पलीकडच्या खोलीत गाडी सोडणारा ते वाचायचा आणि गाडी निघायची. सकाळची पाळी दोनला संपली की ती घरी येऊन तीन वाजता मुलींना घेऊन बसायची.

दोन्ही मुली घरीच शिकत होत्या. धाकटी सातवीत असताना बाईंनी तिला उभं करून धडा वाचायला लावला. तिची जीभ अडखळली, वर्ग हसला. पुढे रोज सकाळी शाळेची वेळ झाली की तिला उलट्या व्हायला लागल्या. शेवटी तिला शाळेतून काढायचं ठरलं, तेव्हा थोरली म्हणाली, "मग मीही घरीच. ती एकटी काय करेल?" त्याला आता दोन वर्षं झाली होती. थोरली सोळाची, धाकटी चौदाची.

शिक्षण कार्यालयाचा माणूस वर्षातून एकदा तपासणीला यायचा. गेल्या वर्षी त्याने दोघींच्या कागदावर व्याकरणापुढे 'असमाधानकारक' असं लिहिलं. या वर्षी पत्रच आलं: व्याकरणाचा कोणता अभ्यासक्रम घेणार ते कळवा; महिन्याअखेरीस अधिकारी घरी येतील; समाधान न झाल्यास दोघींना पुढच्या सत्रापासून शाळेत घालावं लागेल.

धाकटीने पत्र वाचलं, घडी घातली आणि परत पाकिटात ठेवलं.

जेवणाच्या टेबलावर तीन अभ्यासक्रम आले. पहिला नणंदेने दिला. ती शाळेत भाषा शिकवायची, वीस वर्षं तेच जाडजूड पुस्तक वापरत होती: व्याख्या, प्रकार, उपप्रकार, स्वाध्याय. दुसरा कॉम्प्युटरवरचा, योग्य पर्यायावर बोट ठेवलं की पडद्यावर फुगे उडायचे. थोरलीने चाळीस मिनिटांत पूर्ण भाग संपवून ब्याण्णव गुण मिळवले आणि म्हणाली, "आई, मी निम्मी उत्तरं ठोकून दिलीत." तिसरा म्हणजे दोन पातळ वह्या. त्यात प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक बिघडलेलं वाक्य होतं आणि खाली प्रश्न: हे वाचून वाचणाऱ्याला काय कळेल? क्रियाविशेषण, उभयान्वयी वगैरे नावं धड्याच्या अगदी शेवटी यायची, तीही चोरपावलांनी.

तिला वह्या आवडल्या. पण धीर होईना.

"वहिनी, अधिकारी व्याख्या विचारणार," नणंद म्हणाली. "वाचणाऱ्याला काय कळेल, हे तो विचारणार नाही. पोरींच्या वर्षाशी खेळू नकोस."

तिने जाड पुस्तकाचं नाव कळवून टाकलं.

घरात पाठांतर सुरू झालं. थोरली घडाघडा म्हणायची. धाकटी तिसऱ्या शब्दावर अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा अडायची. आई समोर बसून ओठ हलवून तो शब्द सुचवायची आणि धाकटी मान खाली घालायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, घरात कमीच बोलायचा. एकदा तो ताट उचलता उचलता म्हणाला, "तू तिला शिकवतेयस की तपासतेयस?"

दहाव्या दिवशी, सोमवारी, ती कामावर निघाली होती. बाथरूमचं दार बंद होतं आणि आतून तोच आवाज आला, दोन वर्षांपूर्वीचा. ती दाराशी उभी राहिली. नळ जोरात सुरू झाला. "काही नाही गं, जा तू," आतून धाकटी म्हणाली.

ती गेली, पण तिचं अर्धं लक्ष त्या दाराशीच राहिलं.

सव्वादहाला एका माणसाचा फोन आला. वडील जिन्यावरून पडले होते, डोक्यातून रक्त येत होतं. ते धाकट्या भावाकडे राहत होते आणि भाऊ त्यांच्याजवळ होता. फोन करणारा स्वतः कामाच्या ठिकाणी होता. पडद्यावर त्याच्या नंबरासोबत त्याच्या घरचा पत्ता आपोआप आला. भावाचा पत्ता तिने खाली टाइप केला आणि पुढे लिहिलं: 'भाऊ वडिलांजवळ आहे. त्याच्या घरी गाडी पाठवा.'

गाडी फोन करणाऱ्याच्या घरी गेली. तिथे कुलूप होतं. ते कळून गाडी वळेपर्यंत नऊ मिनिटं गेली.

म्हातारे वाचले. पण फोन करणाऱ्या मुलाने तक्रार केली आणि दुपारी दोनला सुपरवायझरने तिच्यापुढे नोंदीचा कागद ठेवला.

"हे तू लिहिलंयस?"

"हो."

"त्याच्या म्हणजे कोणाच्या?"

तिने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. एकही कानामात्रा चुकलेली नव्हती.

शेजारच्या खुर्चीवरची सहकारी हळूच म्हणाली, "खाली पत्ता होता की. गाडी सोडणाऱ्याने बघायला नको?"

"त्याने जे लिहिलं होतं तेच वाचलं," ती म्हणाली. चौकशी गुरुवारी ठरली. शिक्षण अधिकारी शुक्रवारी येणार होता.

तीन वाजता ती नेहमीसारखी मुलींसमोर बसली, पण पुस्तक उघडलं नाही. वाक्य तेवढं कागदावर लिहिलं आणि काय घडलं ते सांगितलं. नावगाव सांगितलं नाही, चूक आपली होती हे मात्र सांगितलं. मुलींनी आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

थोरलीने कागद ओढला. "त्याच्या. सर्वनाम, तृतीय पुरुष, एकवचन, षष्ठी."

"बरोबर. मग गाडी का चुकली?"

थोरली कागदाकडे बघत राहिली. "वाक्य तर बरोबर आहे."

धाकटीने पेन्सिल घेतली. एक गोल केला, दुसरा केला, थोडं थांबून तिसरा. "तो... ती-तीन जण आहेत," ती म्हणाली. "भाऊ, वडील आणि फोनवाला. लिहिताना तुला तिघे दिसत होते. वाचणाऱ्याला कसे दिसणार?" तिने 'त्याच्या'वर काट मारून वर लिहिलं: भावाच्या.

आईने कागद हातात घेतला. मग तिने जाड पुस्तक उचललं, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि पातळ वह्या खाली काढल्या.

बुधवारी नणंद आली तेव्हा टेबलावर त्या वह्या बघून उभीच राहिली. "परवा तपासणी आणि आज पुस्तक बदलतेस? कार्यालयाला कळवलंयस ते?"

"काल दुसरं पत्र दिलं."

"त्यांना हा चक्रमपणा वाटेल."

"वाटू दे. ताई, धाकटीला पुन्हा उलट्या होतायत."

नणंद खुर्चीत बसली. पर्स मांडीवर धरून म्हणाली, "हे मला आधी सांगायचं नाही?"

गुरुवारच्या चौकशीत तिने एका वाक्यात चूक मान्य केली. लेखी ताकीद मिळाली आणि दोन महिने फोनवरून हलवून जुन्या नोंदी तपासायला बसवलं. घरी आल्यावर मुलींना तिने एवढंच सांगितलं की नोकरी राहिली.

शुक्रवारी अधिकारी आला. थोरलीने त्याने विचारलेलं सगळं सांगितलं. धाकटीला त्याने विशेषणाचे प्रकार विचारले. ती दुसऱ्या प्रकारावर अडली. आईने दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि ओठ घट्ट मिटून ठेवले. अधिकारी पेन उघडून थांबला होता.

"लि-लिहून देऊ?" धाकटीने विचारलं.

त्याने कागद सरकवला. तिला तिसरा प्रकार आठवलाच नाही. त्याऐवजी तिने दोन वाक्यं लिहिली आणि विशेषणाची जागा बदलली की अर्थ कसा फिरतो ते खाली दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. "हे मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा कसलाच अंदाज देत नव्हता.

आठ दिवसांनी निकाल आला. थोरली समाधानकारक. धाकटी: आकलन उत्तम, संज्ञा कच्च्या, सहा महिन्यांनी फेरतपासणी. नणंद दर रविवारी येऊ लागली आणि धाकटीकडून संज्ञा लिहून घेऊ लागली, तोंडी काही विचारायचं नाही या अटीवर. फेरतपासणीत धाकटी निभावली, थोडक्यात.

पण त्याच महिन्यात थोरलीने आईपुढे शाळेचा प्रवेशअर्ज ठेवला. तिला अकरावी शाळेतून करायची होती. आईला वाटलं, आपल्या शिकवण्यात काही कमी पडलं. अर्जात 'घरचे शिक्षण सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता. थोरलीने तिथे लिहिलं होतं: मला मैत्रिणी हव्यात.

आईने ते वाचलं, पेन मागितलं आणि सही केली.