पाळकसाहेब जेवल्याशिवाय

शांतवन निर्मळ ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले खरे, पण माणसावर रागवणं त्यांना काही केल्या जमलं नाही. बजाजनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची मंडळी उपासनेला जमायची. कुणी उशिरा आलं की हे उपदेश थांबवून त्याला पंख्याखालची जागा दाखवायचे. रात्रपाळी करून आलेली पोरं बसल्या बसल्या घोरायला लागली, तर हेच आवाज खाली आणायचे. "तुमच्यानं दारातलं कुत्रं हाकलवत नाय, मंडळी काय हाकणार?" असं त्यांच्या बायको एस्तेरबाई म्हणायच्या. शांतवनराव खुशाल हसायचे.

मग मंडळी हाकायचं काम आपसूक काकासाहेबांकडं गेलं. ते मंडळीचे पंच, आणि कारखान्यात सुपरवायझर. मंडळीतली निम्मी पोरं त्यांनीच तिथं चिकटवलेली. माणूस वाईट नव्हता हो, पण भित्रा. आणि भित्र्या माणसाचा आवाज किती मोठा असतो, ते काय सांगावं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे ते दिवस. मंडळीतला कचरू साळवे मोर्चात गेला आणि दोन रात्री कोठडीत बसून आला. काकासाहेबांची झोप उडाली. "कंपनीला कळलं तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल," म्हणाले, आणि ठरवून टाकलं, कचरूनं रविवारच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खातात तिथं, बसायचं नाही. शांतवनराव म्हणाले, "बघू, काकासाहेब." याहून कडक त्यांना बोलताच यायचं नाही. काकासाहेबांनी तो होकार धरला.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब सायकल दामटत कचरूच्या खोलीवर गेले. कचरू भांडला नाही. म्हणाला, "गावानं वेशीबाहेर ठिवलं म्हणून माझा आजा हितं मंडळीत आला, साहेब. आता हितूनबी बाहेर म्हणल्यावर जायचं कुठं?"  दोन कप चहा पिऊन पाळकसाहेब तसेच माघारी आले, आणि वाटभर स्वतःवरच चरफडत राहिले.

रविवार उजाडला. या मंडळीची एक रीत होती. पाळकानं प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांना आपल्या हातानं वाढायची, शेवटचा तुकडा स्वतः घ्यायचा, मग आशीर्वाद म्हणायचा. आशीर्वाद झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. कुणी उठलंच तर काकासाहेब त्याला फाडून खायचे.

सगळ्यांना वाढून झालं. तबकात एक तुकडा उरला. पाळकसाहेबांनी तो उचलला, आणि त्यांची नजर दाराबाहेर गेली. लिंबाखाली कचरू बसला होता, काडीनं माती उकरत. तो तुकडा काही तोंडाकडं जाईना. त्यांनी कसलाच बेत आखला नव्हता. तुकडा हातात धरून नुसते उभे राहिले.

लोकांना वाटलं, प्रार्थना लांबली. सगळ्यांनी डोळे मिटले. मग एकेकानं एकेक डोळा उघडला. मागच्या बाजूनं एस्तेरबाईंच्या मटणाच्या रश्श्याचा वास यायला लागला, तशी चुळबूळ वाढली.

"घ्या की, पाळकसाहेब," काकासाहेब खाकरून म्हणाले.

"घशाखाली उतरंना."

"पाणी आणू?"

"पाण्यानं नाय व्हायचं. कचरू आला म्हंजी उतरंल."

तेवढ्यात नाक्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. कारखान्याला सुटी शुक्रवारी, त्यामुळं काकासाहेबांची दुसरी पाळी होती, अन् पोरांचीही. आता उठावं तर आशीर्वाद नाही, बसावं तर बस जाते. पोरं गुमान त्यांच्याकडं बघत होती. काकासाहेबांची पुरती पंचाईत झाली. पाय आपटत, अनवाणीच, ते बाहेर गेले.

लिंबाखाली काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही. आधी काकासाहेबांचे हात नाचले. मग थांबले. मग ते कचरूशेजारी मातीतच बसले. हॉर्न वाजवून वाजवून बस निघून गेली. एकही पोरगं उठलं नाही.

बऱ्याच वेळानं दोघं आत आले. काकासाहेबांनी कचरूला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः दाराशी टेकले. पाळकसाहेबांनी तुकडा कचरूच्या तळहातावर ठेवला. तबक तर आधीच रिकामं होतं. आपल्याला काही उरलं नाही, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कचरूनं तुकडा मोडला. अर्धा त्यांच्यापुढं धरला. पाळकसाहेबांनी रिकामं तबक दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. तेव्हा त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं, आणि सगळ्या मंडळीदेखत कचरूनं त्यांना घास भरवला.