पुठ्ठ्याचा चेक

दुपारी भाजी निवडत बसले होते तेव्हा घाटनांदूरहून भाच्याचा फोन आला. “मावशी, ताई गेली.” वर्गात शिकवता शिकवता प्रतिभा कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. याला दीड महिना झाला. परदेशातल्या माझ्या नातवंडांनो, तुमची प्रतिभाआत्या कशी गेली हे तुम्हाला कळलं आहे. ती कुठे जाऊ शकली नाही, ते मी सांगते.

प्रतिभा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं, त्यानं पोरांचे दात पिवळे पडतात. साखर कारखान्यातल्या चिपाडाची राख भाजून तिनं असे दाणे तयार केले की ते पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवत. त्यावरचा तिचा शोधनिबंध परदेशातल्या पदार्थशास्त्र परिषदेनं स्वीकारला. प्रवासखर्चासाठी तिनं सरकारी योजनेत अर्ज केला. अर्ज जवळजवळ मंजूर होता… आणि तेवढ्यात आपल्या लोकांना सत्कार सुचला.

शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. तिचं महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी तिच्या हातात प्रवासखर्चाचा दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक दिला. खरा चेक पुढच्या बैठकीनंतर मिळणार होता. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. “प्रतिभा, जरा वर धर, आकडा दिसत नाही,” असं ओरडून सांगणारी मीच. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला, आकड्यासकट.

योजनेच्या कार्यालयातल्या बाबूनं तेच कात्रण तिच्यापुढे सरकवलं.

“मॅडम, फोटो तुमचाच हाय ना? दुसरीकडून मदत मिळाली की आमची मिळत न्हाई.”

“अहो, तो पुठ्ठा आहे.”

“मग संस्थेकडून तसं लिहून आणा.”

मी तिच्याबरोबर अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. पैसे दिलेले नाहीत एवढी एक ओळ हवी होती. “असं लिहून कसं देऊ, ताई? संस्थेची अब्रू जाईल की,” ते हसून म्हणाले. मग खरे पैसे द्या, असं मी म्हटलं, तर बैठक व्हायची होती. ती बैठक झालीच नाही. परिषद मात्र ठरल्या दिवशी झाली, प्रतिभाशिवाय. त्या दिवशी तिनं नेहमीसारखे चार तास घेतले.

आणि शोकसभेत हेच गृहस्थ माइकवर म्हणाले, “आमच्या संस्थेनं या लेकीला साता समुद्रापार पाठवलं.” मी उभी राहिले. “ती गेली नव्हती. तुम्ही एक ओळ लिहून दिली नाही म्हणून गेली नव्हती.” मागून कोणीतरी माझा पदर ओढला, “मावशी, आज नको.” तेव्हा माझी बहीण, जिनं दोन दिवस तोंडात घास घेतला नव्हता, ती म्हणाली, “बोलू द्या तिला. आजच लोक बसलेत ऐकायला.” मी सगळं सांगितलं, माझ्या टाळ्यांसकट. अध्यक्ष घड्याळ बघत होते.

माझ्या स्वयंपाकघरात प्रतिभानं बसवलेलं मातीचं गाळण आहे. वरच्या मडक्यात तिचे काळे दाणे, खालच्या मडक्यात थेंब थेंब पाणी. दाणे कधी बदलायचे ती तारीख तिनं खडूनं मडक्यावर लिहून ठेवली आहे. तारीख उलटून गेली. नवे दाणे कुठून आणू, हे मला सांगणारं कोणी नाही. मडकं पुसताना मी तेवढी जागा सोडते.