ठणठणीत पात्यातली बुरशी

वनस्पतींच्या प्रयोगशाळेत तिला सगळे साबणबाई म्हणत. दिवसातून किती वेळा हात धुवायची याला सुमारच नव्हता. ती हसण्यावारी न्यायची. खरं कारण सांगायची तिची हिंमत नव्हती.

तिचा नवरा शिंपी. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा थोरल्या बहिणीनं मागेपुढे न पाहता आपलं एक दिलं. तो पुन्हा मशीनवर बसायला लागला. गिऱ्हाइकांना सांगायचा, "ताईची किडनी बसवल्यापासून मला उगाचच लोकांवर डाफरावंसं वाटतं." पण ती किडनी टिकवायच्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती खालावते. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, बुरशीपासून जपा. ओल आलेली भिंत, शिळा पाव, कुंडीतली माती, काही जवळ नको.

आणि नेमकं त्यानंतर प्रयोगशाळेत बुरशीचंच काम आलं.

नव्या मॅडम दलदलीतल्या पाणकणसाचा अभ्यास करत होत्या. साबणबाईनं हिरवीगार पाती निवडायची, नळाखाली धुवायची, स्पिरिटमध्ये आणि मग ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, निर्जंतुक पाण्यानं खळबळायची आणि तुकडे करून काचेच्या बशीतल्या, बुरशी वाढवायच्या जेलीवर ठेवायचे. एवढ्या आंघोळी घातल्यावर काय उगवणार, असं तिला वाटलं. आठवडाभरात कापलेल्या कडांमधून बुरशीचा पांढरा कापूस बाहेर आला.

ती बशी घेऊन मॅडमकडे गेली. "मॅडम, माझं धुणं कमी पडलं का?"

"छे! शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या बशीत घातलं होतं ना? तिच्यात काहीच उगवलं नाही. म्हणजे पातं वरून स्वच्छ होतं. ही आतली आहे."

"मग रोप रोगट असेल."

"अगदी ठणठणीत होतं. बऱ्याच झाडांच्या आत अशी बुरशी असते. मुकाट्यानं राहते, कधी कधी झाडाला मदतही करते."

मॅडम खुशीत होत्या. साबणबाईला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. वरून ठणठणीत, आत बुरशी, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. घरी नवराही वरून ठणठणीतच दिसत होता.

नोकरी सोडावी तर नवऱ्याचं शिवणकाम अजून पुरतं सुरू झालं नव्हतं. मग तिनं आपलेच नियम केले. प्रयोगशाळेचे कपडे तिथेच बदलायचे, घरी शिरताच डोक्यावरून आंघोळ, केस ओलेच असताना स्वयंपाक. तो ठसकला की हिच्या हातातलं काम थांबायचं.

"पाणी प्यायला गेलो ते श्वासनळीत गेलं, बाई! जरा ठसकू तरी दे," तो म्हणायचा.

एका सकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. रिक्षात तिनं त्याचा हात असा घट्ट धरला होता की तो म्हणाला, "अगं, मी पळून नाही चाललो." दवाखान्यात नाडी बघून त्याला रक्त तपासायला आत नेलं तशी ती डॉक्टरांपाशी बोलून गेली, "मी बुरशीचं काम करते. घरी कुणाला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. "बशा उघड्यावर हाताळता?"

"नाही, काचेच्या पेटीत. तरी पण..."

"आधी तपासण्या होऊ द्या. आत्ताच काही ठरवू नका."

बाहेरच्या बाकावर नणंद येऊन बसली होती. साबणबाई तिच्या शेजारी टेकली. जिनं पोटातला अवयव काढून दिला तिच्यापासून लपवायचं तरी किती? तिनं सगळं सांगून टाकलं.

नणंदेनं हातातला डबा बाकावर ठेवला. मग कडाडली, "आधी का नाही बोललीस? मी काय परकी आहे?"

"तुम्ही म्हणाला असतात, माझं दिलेलं हिनं मातीत घातलं."

"म्हणाले असते," नणंद म्हणाली. "चिडलेही असते. पण चिडून झाल्यावर काहीतरी सुचवलंच असतं ना?" आणि तिनं डब्यातली पोळी भाजी पुढे सरकवली. "खा आता. तू आडवी झालीस तर तुम्हा दोघांना कोण बघणार?"

तपासण्यांचे निकाल यायला दोन दिवस लागले. छाती स्वच्छ होती. लघवीत जंतू सापडले होते, साधे जिवाणू, बुरशी नव्हे. औषध लागू पडलं आणि ताप उतरला. तरी डॉक्टर म्हणाले की जमत असेल तर काम बदलून घ्या, उगाच धोका कशाला.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम ओशाळल्या. "मला कल्पना असती तर..." म्हणत त्यांनी बशांचं काम दुसऱ्याकडे दिलं आणि तिला काचसामानाच्या खोलीत घेतलं.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "फोटो तरी दाखव." बशीतला पांढरा कापूस त्यानं फोनवर मोठा करून पाहिला. "एवढंसं हे? आणि झाड मजेत?"

"मजेत," ती म्हणाली आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलाच. कपाळ गार होतं. तरी तिनं थर्मामीटर आणला.