उतारावर लावायची गाडी

जुनी गाडी पाळली की पेट्रोलची टाकी कधी भरलेली राहत नाही, किश्शांची मात्र सारखी ओसंडते. माझ्याकडे वडिलांची पांढरी अँबॅसिडर आहे. मी निवृत्त शाळामास्तर, मुक्काम सांगली. या गाडीच्या मागे लागलेले आम्ही तिघं: मी, शेजारचे रिटायर्ड सुभेदार नाना आणि माधवनगरचे ऑटो इलेक्ट्रिशियन जिनूअण्णा. चौथी माझी बायको मंदा, पण ती विरोधी पक्षात.

*

गाडीला जुना डायनामो होता. इंजिन हळू चाललं की तो बॅटरी चार्जच करायचा नाही. म्हणून कुठंही थांबलो तरी माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. एकदा टोलनाक्याच्या रांगेत मी असाच इंजिन रेस करत उभा होतो. खिडकीतला माणूस वैतागला.

"काका, लय घाई हाय का?"

"मला न्हाई, बॅटरीला हाय."

*

किल्ली फिरवून सेल्फ लागेल याचा भरवसा नाही, म्हणून घरंगळवून सुरू करता यावी अशी गाडी नेहमी उतारावर लावायची. आता सांगली म्हणजे परातीसारखं सपाट गाव. उतार काय तो पुलाजवळ. दवाखाना असो नाहीतर भाजी, गाडी पुलाजवळ आणि आम्ही तिथून चालत! मंदा म्हणायची, "एवढं चालायचंच हाय तर गाडी घरीच ऱ्हाऊ द्या की."

*

पुतण्याच्या लग्नाला शिरवळला गेलो. नाना बरोबर होते. मी शोधून शोधून उतारावर गाडी लावली, चाकाखाली दगड ठेवला. बँडवाल्यांच्या टेम्पोला वाट हवी म्हणून काही भल्या माणसांनी दगड काढला आणि गाडी मैदानात मधोमध नेऊन उभी केली. निघताना सेल्फ गप्प. मी स्टिअरिंगवर, मागून ढकलायला नाना आणि नव्या पैठणीतली मंदा. अख्खा मांडव बघत होता. गाडी सुरू झाली, पण मंदाच्या चपलेचा अंगठा तुटला.

कराड येईपर्यंत ती तुटकी चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "काय करायचं ते करून घ्या. मी अजून एकदाच बसंन. सातारला बाळूकडं जायचं. वाटंत बंद पडली तर विकायची."

बाळू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. याच गाडीतून वडील मला कॉलेजला सोडायला आले होते. ती आता विकायची?

*

गाडी जिनूअण्णांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं. मग एकेक वायर बोटानं उचलायला लागले.

"ही मिक्सरची. ही टेबलफॅनची. आणि ही हिरवी, मास्तर, ही गणपतीच्या माळंतली हाय. हिला अजून एक बल्ब हाय."

मी नानांकडे बघितलं. नाना आभाळाकडे बघत होते.

"टेंपररी लावलीवती," ते म्हणाले.

"कवा?"

"मी रिटायर झालो त्या वर्षी."

*

अण्णांनी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला; इंजिन हळू चाललं तरी तो बॅटरी चार्ज करतो. पण त्यांचं म्हणणं, मोटर मोठी घेतली आणि पाइप अर्ध्या इंचाचाच ठेवला तर उसाला पाणी पोचणार कसं? म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत करंगळीएवढी जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला. आणखी एक बदल. जुन्या पद्धतीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता, आता मायनस. "उलटं जोडलं तर अल्टरनेटर जागच्या जागी जळंल," असं त्यांनी तीनदा बजावलं. आम्ही तीनदा माना हलवल्या.

सातारला निघायच्या आदल्या दिवशी नानांनी प्रेमानं बॅटरी घासून पुसून लख्ख केली. परत जोडताना मात्र हात जुन्या सवयीनं चालले. मी शेजारी उभा राहून पाना देत होतो, म्हणजे शहाणा मीही नव्हतो. बॉडीची वायर प्लसपर्यंत काही केल्या पोचेना. दोघांनी ओढून बघितली. शेवटी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, वायर जरा आखूड पडतीया."

"पडू द्या. तुमी दोघं हाय म्हणूनच आखूड कापलीया."

नानांनी वायर खाली ठेवली. मी ती उचलून मायनसला जोडली.

*

सातारला निघालो. मंदा मुद्दाम तीच शिरवळच्या लग्नातली पैठणी नेसली आणि मागच्या सीटवर बसली. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. मी सवयीनं उतार शोधत होतो.

"सपाटीवर लावा," मागून आवाज आला.

लावली.

"आता बंद करा."

केली. तो चहा गोड होता की अगोड, मला सांगता येणार नाही. परत येऊन देवाचं नाव घेतलं, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी उगीचच दोनदा हॉर्न वाजवला. मंदा खिडकीबाहेर बघत होती.

साताऱ्यात बाळू दारातच उभा होता. त्याला सगळं आधीच कळलेलं. "ताई, मग ठरलं का विकायचं?"

मंदा पायरीवर बसली आणि तिनं पैठणी घोट्याच्या वर घेतली. पायात माझे शाळेतले कॅनव्हासचे बूट, नाड्यांना दुहेरी गाठ. सावकाश गाठी सोडल्या, पिशवीतून चपला काढून घातल्या आणि बूट बाळूच्या हातात दिले.

"हे तुझ्याकडंच ऱ्हाऊ देत. जाताना मला लागायचं न्हाईत."